रिकाम्या हाताचा जमाखर्च

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ सालच्या नियमांप्रमाणे साध्यासुध्या गावकऱ्याचा गुद्दा बसला की समोरच्याचा एक हिट पॉइंट, म्हणजे जिवाचा एक अंश, जातो. त्याच नियमांत घरातल्या मांजराने ओरबाडले तरीही एकच जातो. गावकऱ्याच्या अंगात हिट पॉइंट एकंदर चार. तेव्हा दोन गावकऱ्यांची बांधावरून जुंपली, तर चार गुद्दे नेमके बसल्याखेरीज कोणी आडवा होत नाही. आणि त्यातल्या एकाने मांजराला मदतीला घेतले, तर त्याचे सैन्य जवळजवळ दुप्पट होते.

याच जगात २५६ हिट पॉइंटांचा लाल ड्रॅगनही राहतो. आणि दर टेबलावर एक तरी खेळाडू असा निघतोच, की ज्याला तलवार नको, भाला नको, चिलखत नको. त्याला त्या ड्रॅगनला बुक्क्यांनी बडवायचे असते.

खेळ ज्यांच्या घरात अजून शिरलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून बाजारात आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो गोष्ट सांगतो, राक्षस चालवतो आणि वादात शेवटचा शब्द त्याचा असतो. बाकीच्यांचे प्रत्येकी एक पात्र. कोणी जादूगार होतो, कोणी चोर, कोणी शिलेदार. पात्र म्हणजे कागदावरचे आकडे, आणि ठरवले ते साधले की फसले हे फासे सांगतात. नुसत्या हातांनी लढणाऱ्या पात्राच्या क्लासचे, म्हणजे प्रकाराचे, नाव ‘मंक’.

मंक करायला बसलेला खेळाडू लांबूनही ओळखू येतो. बाकीचे सामानाच्या रकान्यात पन्नास फूट दोर, दहा मशाली, ढाल, शिधा असे दाटीवाटीने लिहीत असतात. हा तिथे ‘काही नाही’ असे लिहितो आणि कागद सगळ्यांना दिसेल असा ठेवतो. पूर्वेतिहास विचारला की उत्तर तयार असते. बर्फाळ डोंगरावर एक मठ होता, तो जळाला, गुरुजी मारले गेले, आणि मारेकऱ्याच्या गालावर व्रण होता. काल्पनिक डोंगरांवरचे इतके मठ आजवर जळून गेले आहेत, की मठ सुखरूप आहे, गुरुजी मागच्या अंगणात भाजीपाला लावतात आणि चेला निव्वळ कंटाळून बाहेर पडला, असा पूर्वेतिहास ऐकायला मिळाला तर एखाद्या डीएमच्या डोळ्यांत पाणी येईल.

इथवर सगळे सिनेमातले. पुढे आकडेमोड सुरू होते आणि हळूहळू लक्षात येते, की तलवारवाल्याने तलवार एकदाच रोखीत घेतलेली आहे, आपण मात्र रिकामा हात हप्त्यांवर घेतला आहे.

या हप्त्यांची सुरुवात मंकच्या जन्मापासूनची. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेला कुंग फूने झपाटले होते. डेव्हिड कॅरडाइनची ‘कुंग फू’ ही मालिका १९७२ ते १९७५ टीव्हीवर चालली, १९७३ साली ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ आला, १९७४ साली कार्ल डग्लसच्या ‘कुंग फू फायटिंग’ने रेडिओ दणाणून सोडले. त्याच काळात ‘द डिस्ट्रॉयर’ नावाच्या कादंबऱ्या खपत होत्या. त्यांत एक अमेरिकन पोलीस म्हाताऱ्या कोरियन उस्तादाकडून हातांनी माणसे लोळवायची विद्या शिकतो. खेळ छापणाऱ्या कंपनीतला एक भागीदार, ब्रायन ब्लूम, या कादंबऱ्यांच्या नादी लागला आणि त्यातून मंक निघाला, असे त्या कंपनीतलेच जुने लोक सांगत आले आहेत. १९७५ साली ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत तो छापून आला. तोवर खेळात युरोपातले सरदार, किल्ले आणि पाद्री होते. त्या दरबारात एके दिवशी अनवाणी माणूस येऊन उभा राहिला आणि म्हणाला, मीही येतो.

त्याला घेतले, पण अटी घालून. १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये मंक व्हायचे तर स्ट्रेंथ, विज्डम आणि डेक्स्टेरिटी, म्हणजे ताकद, शहाणपण आणि चपळाई, हे तिन्ही आकडे किमान १५ हवेत, वर दमखमाचा, म्हणजे कॉन्स्टिट्यूशनचा, ११ हवा. तीन फासे टाकून येईल तो आकडा ओळीने लिहायची जुनी रीत पाळली, तर हा योग साधारण अडीच हजारांतून एकदा जुळतो. एवढ्या नवसासायासाने झालेल्या पात्राला पुस्तक पुढच्याच पानांत समज देते. ताकद १५ हवीच, पण नेम साधताना किंवा इजा करताना तिचा लाभ मिळणार नाही. चपळाई १५ हवीच, पण तिने बचाव सुधारणार नाही. पहिल्या लेव्हलचा, म्हणजे सुरुवातीच्या पायरीवरचा, गुद्दा १ ते ३ इजेचा, आणि बचाव रस्त्याने चाललेल्या कोणाही वाटसरूइतका. परीक्षेला तीन विषयांत विशेष प्रावीण्य मागायचे आणि नोकरीत एकाचाही उपयोग करू द्यायचा नाही, ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली, पण तिचे श्रेय खेळाला देता येणार नाही.

पदव्या मात्र भारी होत्या. तेराव्या लेव्हलला ‘मास्टर ऑफ विंटर’, सतराव्याला ‘ग्रँड मास्टर ऑफ फ्लॉवर्स’. नवव्या लेव्हलपासून वर प्रत्येक पदावर साऱ्या जगात एकच माणूस. बढती हवी असेल तर त्या जागेवरच्या माणसाला शोधून काढायचे आणि समोरासमोर हातघाईत हरवायचे. हरलात तर एक पायरी खाली. म्हणजे चोर आणि जादूगार गुहांमधून सोने गोळा करत हिंडत असताना मंक वरिष्ठांचा पत्ता विचारत हिंडायचा. सेवाज्येष्ठतेवर बढती देण्याची सरकारी रीत किती सुसंस्कृत आहे, हे हा नियम वाचल्यावर पटते.

पुढे १९८५ साली त्याला ‘ओरिएंटल अ‍ॅडव्हेंचर्स’ या वेगळ्या पुस्तकात धाडण्यात आले आणि १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मुख्य पुस्तकातून तर नावच गेले. २००० साली तिसऱ्या आवृत्तीत तो परतला आणि आवृत्तीच्या उत्तरार्धात, २००३च्या सुधारित पुस्तकात, त्याच्या वाट्याला खेळाच्या इतिहासातला सर्वांत मजेदार नियम आला.

त्या पुस्तकात प्रत्येक क्लासला कोणती हत्यारे चालवता येतात याची यादी होती. जे हत्यार यादीत नाही ते हाती घेतले, तर फाशातून चार वजा. मंकच्या यादीत सोटा होता, खंजीर होता, गोफण होती, हातकुऱ्हाड होती, इतकेच काय धनुष्याचा चाप ओढून सोडायचे क्रॉसबोही होते. नव्हता फक्त गुद्दा. आणि गुद्द्याची नोंद तर हत्यारांच्या तक्त्यात स्वतंत्र ओळीत केलेली. कायदा शब्दशः वाचला तर आयुष्यभर गुद्दे मारायची तपश्चर्या केलेला हा गृहस्थ गुद्दा मारण्यासाठी अप्रशिक्षित ठरत होता. कोणा शहाण्या डीएमने हे मनावर घेतले नाही. पण प्रत्येक टेबलावर एक वकील असतो, आणि त्याला हा मुद्दा पाठ असायचा.

याच आवृत्तीत हप्त्यांचा आकडाही छापलेला सापडतो. तलवारीवर पहिल्या पायरीची, म्हणजे अधिक एकची, जादू करून घ्यायला सोन्याची २,००० नाणी पडत. तीच जादू मुठीवर हवी, तर ‘अ‍ॅम्युलेट ऑफ मायटी फिस्ट्स’ नावाचा ताईत घ्यावा लागे आणि त्याची किंमत ६,०००. दुसऱ्या पायरीचा ताईत २४,०००. जो माणूस ऐहिक संपत्तीचा त्याग करून निघाला, त्याच्या त्यागाला बाजारात तिप्पट भाव होता. त्यात आणखी एक मेख होती. मंकचे पाय पार्टीत, म्हणजे सोबत्यांच्या टोळीत, सर्वांत वेगवान, आणि त्याचा गुद्द्यांचा वर्षाव, ज्याला ‘फ्लरी ऑफ ब्लोज’ म्हणतात, तो मात्र जागेवर उभे राहूनच करायचा. पळालात तर वर्षाव नाही आणि वर्षाव केलात तर पळणे नाही. एका माणसाला दोन देणग्या देऊन त्यांचे आपसांत वैर लावून देण्यासाठी रचनाकाराला खास प्रतिभा लागते. २०१० साली चौथ्या आवृत्तीने त्याला मनःशक्तीवाल्यांच्या पंगतीत बसवून पाहिले, पण ती पंगतच फार चालली नाही.

आता पाचव्या आवृत्तीच्या टेबलाकडे वळू. तिच्या २०१४च्या नियमांत कामाला येईल असा मंक घडवायचा, तर पहिला प्रश्न सहा आकड्यांचा. १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले आकडे सहा गुणांत वाटायचे. शिलेदाराला ताकद आणि दमखम सांभाळला की झाले. जादूगाराला बुद्धी पुरते. मंकला मात्र चपळाई हवी, कारण ठोसा तिच्यावर चालतो. शहाणपण हवे, कारण चिलखताच्या जागी तेच आहे. दमखम हवा, कारण चिलखत नाही. आणि मनात कुठेतरी ताकदही हवी असते, कारण डोळ्यांसमोर ब्रूस ली आहे. पगार एक आणि हप्ते चार, असा हा संसार.

इथे नवखा खेळाडू सगळ्यांना थोडे थोडे देतो आणि एक ना धड भाराभर चिंध्या करून बसतो. जाणता खेळाडू निष्ठुर होतो. तो वनात राहणारा एल्फ निवडतो, कारण त्या वंशाला चपळाईत दोन आणि शहाणपणात एक वाढवून मिळतो. मग चपळाईत १४ घातले की १६ होतात, शहाणपणात १५ घातले की तेही १६. दमखमाला १३. उरलेल्या १२, १० आणि ८ मध्ये ताकद, बुद्धी आणि करिझ्मा, म्हणजे लोकांवर पडणारी छाप, यांनी आपापसांत काय ते बघून घ्यावे. बहुतेक वेळा ८ छापेच्या वाट्याला येतात. म्हणून या खेळातले बरेचसे मंक गूढ आणि मितभाषी असतात. मौनव्रत वगैरे काही नाही. तोंड उघडले की काम बिघडते, एवढा अनुभव त्यांनी घेतलेला असतो.

पण या काटकसरीची मजा पाहा. बचावाचा आकडा काढताना १० मध्ये चपळाईचे ३ आणि शहाणपणाचे ३ मिळवायचे, झाले १६. शिलेदाराचे कड्यांचे चिलखतही १६ चेच असते. त्याला ७५ सोन्याची नाणी पडतात, ते ५५ पौंड भरते आणि चालताना इतके वाजते, की लपून जायचे म्हटले तर अडचण. मंकचा तोच आकडा सुती सदऱ्यात बसतो. पन्नास वर्षांच्या जमाखर्चात जमेच्या बाजूला इथे पहिली ठळक नोंद होते.

लगेच खाली खर्चाची नोंद. पहिल्या लेव्हलला त्याचे हिट पॉइंट नऊ. साध्या गॉब्लिनच्या वाकड्या तलवारीचे दोन घाव बरे बसले, की गुरूचा बदला पुढच्या जन्मावर.

आणि मुख्य प्रश्न मुठीचा. पहिल्या लेव्हलच्या मंकची मूठ चार बाजूंच्या फाशाची, म्हणजे सरासरी अडीच. चपळाईचे तीन धरून साडेपाच. मग कामाचा मंक पहिल्या दिवशी काय करतो? तो दुकानात जातो आणि चांदीची दोन नाणी देऊन सोटा घेतो. दोन्ही हातांनी धरलेल्या सोट्याला आठ बाजूंचा फासा मिळतो, चपळाईसकट सरासरी साडेसात. सोटा हाणायचा, आणि त्याच दमात नियमाने फुकट मिळणारा एक गुद्दा किंवा लाथ त्यावर चढवायची. निःशस्त्र योद्धा उत्तम घडवायचा असेल तर त्याच्या हातात आधी काठी द्या, ही या आवृत्तीतली सर्वांत उपयोगी सूचना आहे. सामानाच्या रकान्यातले ‘काही नाही’ तिथल्या तिथे खोडावे लागते, आणि खाडाखोड सगळ्यांना दिसते, कारण कागद तसाच ठेवलेला असतो.

दुसऱ्या लेव्हलपासून त्याला ‘की’ मिळते. ही अंतःशक्ती. जेवढी लेव्हल तेवढे पॉइंट. एक पॉइंट खर्चून वर्षाव करता येतो, एक खर्चून बचाव वाढवता येतो, एक खर्चून पळता येते. पाचव्या लेव्हलला चौथे काही मिळते ते सर्वांत मोलाचे, ‘स्टनिंग स्ट्राइक’. ठोसा बसला की एक पॉइंट टाकायचा, आणि समोरचा दमखमाच्या फाशात नापास झाला तर तो मंकची पुढची पाळी संपेपर्यंत बधिर. ना हलता येते, ना हात उचलता येतो. तोवर शिलेदार आणि चोर त्याच्यावर सोयीने हात साफ करून घेतात. मंकचे खरे काम हेच. इजेच्या बेरजेत अवजड तलवारवाला त्याला मागे टाकतो, आणि तलवारवाल्याशी बेरजेची शर्यत लावणारा मंक दोन पाळ्यांत रिकामा होतो.

रिकामा होतो म्हणजे अगदी रिकामा. पाचव्या लेव्हलला पॉइंट पाच. दर पाळीला एक वर्षाव आणि एक बधिरीकरण धरले तर तिसऱ्या पाळीला खडखडाट. पॉइंट परत मिळवायचे तर तासभराची विश्रांती हवी आणि त्यात निदान अर्धा तास ध्यान. त्यामुळे प्रत्येक चकमकीनंतर एक आवाज ठरलेला असतो, जरा टेकू या का? जादूगाराला रात्रीची झोप लागते, म्हणून त्याला घाई नसते. चोराला काहीच लागत नाही, म्हणून तो पुढचे कुलूप उघडून बसलेला असतो. शिलेदार हो-नाही करत असतो. दाराबाहेर ऑर्क कुऱ्हाडी घालत आहेत, आत राजकन्या ओरडते आहे आणि कोपऱ्यात मंक मांडी घालून डोळे मिटतो आहे. तेव्हा घडवणाऱ्याने आकड्यांइतकेच लक्ष सोबत्यांकडे द्यावे. पार्टीत ‘वॉरलॉक’ असेल तर सोने झाले म्हणायचे. त्याच्या मंत्रांचा साठाही तासाभराच्या विश्रांतीनेच भरतो. टेकायचे म्हणणारे दोघे झाले की त्याला मागणी न म्हणता धोरण म्हणतात.

बधिर कोणाला करायचे, यात मात्र बहुतेकांची गल्लत होते. खेळाडूला वाटते सगळ्यांत मोठ्याला. हिशेब उलटा आहे. पाचव्या लेव्हलच्या आपल्या मंकसमोर टिकायला १४ चा आकडा लागतो. पुस्तकातल्या ‘मेज’ या जादूगाराच्या दमखमाला काहीच बोनस नाही, म्हणजे शंभरात ६५ वेळा तो गारठणार. दांडग्या ओग्रला तीनचा बोनस आहे, तो निम्म्या वेळा सुटतो. आणि पूर्ण वाढीच्या लाल ड्रॅगनचा बोनस १३. वीस बाजूंच्या फाशावर त्याला सर्वांत वाईट, म्हणजे १ पडला, तरी बेरीज १४ होतेच. तो नापास होऊच शकत नाही. मठ जळाल्यापासून या क्षणाची वाट पाहणारा खेळाडू पाच पॉइंट एकामागून एक ड्रॅगनवर उधळतो, डीएम दर वेळी गंभीर चेहऱ्याने पडद्याआड फासा टाकतो, आणि निकाल फासा टाकण्यापूर्वीच लागलेला असतो.

म्हणून मंकने मोठ्याच्या अंगावर जाऊ नये. मोठ्याच्या मागे उभ्या असलेल्या किडकिडीत माणसाकडे जावे. त्यासाठीच त्याला पाय दिले आहेत. एल्फ मंक दुसऱ्या लेव्हललाच एका पाळीत ४५ फूट जातो, सामान्य माणूस ३०. नवव्या लेव्हलपासून तो भिंतीवरून आणि पाण्यावरूनही धावतो. सैन्याला वळसा घालायचा, मागच्या मांत्रिकाला दोन ठोसे आणि एक धक्का द्यायचा आणि परतायचे. परतताना पाठीत वार बसू नये यासाठी मंकच्या पंथांपैकी ‘ओपन हँड’ घ्यावा. त्याच्या वर्षावातला ठोसा बसला तर समोरचा आडवा पडू शकतो, पंधरा फूट मागे ढकलला जाऊ शकतो किंवा उलट वार करायची संधी गमावतो, यातले हवे ते निवडता येते. ‘फोर एलिमेंट्स’ हा पंथ वाचायला फार देखणा आहे. त्याचा मंक अकराव्या लेव्हलला चार पॉइंट मोजून आगीचा गोळा फेकतो. जादूगार तोच गोळा पाचव्या लेव्हललाच फेकायला लागलेला असतो आणि मंकचा समारंभ चालू असताना तो सभ्यपणे दुसरीकडे बघतो.

तिसऱ्या लेव्हलला मंकला आणखी एक खेळ येतो. अंगावर आलेला बाण हवेत झेलायचा, आणि पूर्ण झेलला गेला तर एक पॉइंट टाकून तोच परत फेकायचा. संपूर्ण क्लासमध्ये याहून सुखाचे काही नाही. अडचण एवढीच, की हे एकदा पाहिले की डीएमचे तिरंदाज शहाणे होतात आणि मंक सोडून सगळ्यांवर बाण सोडू लागतात. हा डीएमचा कद्रूपणा आहे. खेळाडूने ज्यासाठी पात्र घडवले ते त्याला करू देण्यात डीएमचे काय जाते? एक बाण जातो.

वरच्या लेव्हलच्या देणग्यांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. दहाव्याला विष आणि रोग बाधत नाहीत, ते उपयोगी. तेराव्याला साऱ्या भाषा समजतात, पण छाप ८ च असल्याने बोलून फायदा नाही. पंधराव्याला अन्नपाण्याची गरज संपते. या लेव्हलला पोहोचलेल्या पार्टीला राजे-महाराजे पंगतीला बोलावत असतात, नेमके तेव्हाच याचे जेवण सुटते.

मंकच व्हायला हवे असे नाही, हाही मार्ग आहे आणि तो मंकला चांगलाच झोंबतो. २०२० साली ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकाने शिलेदारांना ‘अनआर्म्ड फायटिंग’ ही शैली दिली. दोन्ही हात मोकळे असतील तर पहिल्याच लेव्हलला मुठीला आठ बाजूंचा फासा. डोंगरावर वर्षानुवर्षे साधना केलेल्याची मूठ चार बाजूंची आणि छावणीतून आलेल्या रांगड्या गड्याची आठ बाजूंची, तीही अंगात पूर्ण चिलखत असताना. शिवाय त्याची ताकद भरपूर, म्हणून तो पकडीतही वरचढ.

पकडीच्या बाबतीत मात्र हा खेळ फार गरीब आहे. २०१४च्या नियमांत ताकदीचा फासा जिंकून समोरच्याला धरले, तर होते काय? त्याचा वेग शून्य. संपले. खासबागेच्या आखाड्यात ढाक, कलाजंग, घिस्सा, धोबीपछाड, एकेरी पट असे डाव बघत वाढलेल्या माणसाला हे पचणे अवघड. हेलसिंकीत १९५२ साली गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणले ते प्रतिस्पर्ध्याचा वेग शून्य करून नव्हे. त्यातून खेळात पाठ टेकली तरी कुस्ती निकाली होत नाही. चीतपट झालेला ओग्र पडल्या पडल्या सोटा फिरवतच राहतो. तरी जाणते खेळाडू यातूनही डाव काढतात. आधी धरायचे, मग ढकलून पाडायचे. उठायला वेग खर्चावा लागतो आणि धरलेल्याचा वेग शून्य, म्हणून पडलेला उठूच शकत नाही, आणि जवळून मारणाऱ्या सगळ्यांचा नेम त्याच्यावर सोपा होतो. दोन साध्या नियमांतून तयार झालेला हा एकमेव डाव कोणत्याही वस्तादाला आवडावा. मंकची ताकद बेताची असल्याने तो त्याला फारसा साधत नाही. त्याने टाळ्या वाजवाव्यात.

प्रतिस्पर्धी ‘पाथफाइंडर’ने या प्रश्नाकडे जास्त मायेने पाहिले. २०१९च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत मंकला वाघ, लांडगा, सारस, पर्वत असे वेगवेगळे पवित्रे आहेत. एका पाळीतल्या तीन कृतींपैकी एकीतच दोन ठोसे मारता येतात. तलवारीवर चढते ती जादू मुठीला गुंडाळायच्या पट्ट्यांवरही चढते, ताईत घ्यायला नको. तिथे मंक घडवणे म्हणजे कसा लढेल हे ठरवणे. इथे आधी तो जगेल कसा हे बघावे लागते.

२०२४च्या नव्या ‘प्लेयर्स हँडबुक’ने अखेर बरीच थकबाकी चुकवली. पहिल्या लेव्हलच्या मुठीला आता सहा बाजूंचा फासा आहे. ‘की’चे नाव बदलून ‘फोकस’ झाले. लढाईच्या तोंडाशी सगळे पॉइंट एका झटक्यात भरून घेण्याची सोय दिवसातून एकदा मिळाली, त्यामुळे टेकू या का, हा आवाज थोडा कमी झाला. बाणच नव्हे, अंगावर आलेला तलवारीचा वारही हाताने अडवता येतो, म्हणून डीएमला मंकला वगळून मारामारी करणे कठीण झाले. पकडायला आणि ढकलायला ताकदीऐवजी चपळाई चालते. बधिरीकरण मात्र पाळीला एकदाच, म्हणजे ड्रॅगनवर पाच पॉइंट एका दमात उधळण्याची सोय सरकारनेच बंद केली.

तेव्हा नवा मंक करायला बसणाऱ्याने २०२४ चे पुस्तक उघडावे, चपळाई आणि शहाणपण यांना पोटभर वाढून बाकीच्यांना उपाशी ठेवावे, ‘ओपन हँड’ घ्यावा, ड्रॅगनच्या वाटेला जाऊ नये आणि मठ शक्यतो जाळू नये. नव्या नियमांत त्याची मूठ पाचव्या लेव्हलला आठ बाजूंच्या फाशाची होते, अकराव्याला दहा आणि सतराव्याला बारा बाजूंची. बारा बाजूंचा हा फासा खेळातल्या सर्वांत मोठ्या कुऱ्हाडीचा. ती कुऱ्हाड ३० सोन्याच्या नाण्यांत कोणत्याही लोहाराकडे मिळते आणि तिला लेव्हलची अट नाही.